थंड हवेची नळी

खाणीच्या मुकादमानं सकाळी सकाळी सगळ्या गाड्या वजनकाट्याजवळ अडवल्या आणि एका दमात सांगून टाकलं, सोमवारपासून ज्याच्या दिवसाला सहा खेपा होणार नाहीत त्यानं गाडी आपल्या दारात उभी करावी आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत. दोघंतिघं हसले. आमचे हे हसले नाहीत. आमच्या पाचच होत होत्या.

काम सोपं होतं म्हणायचं तर सोपं. वर डोंगरावर नवा रस्ता चालला होता आणि त्याला दगड खालच्या खाणीतून जायचा. खाणीपासून माथ्यापर्यंत तीन वळणांचा कच्चा चढ. भरून वर जायचं, ओतायचं, रिकामं खाली यायचं. आजूबाजूला दुसरं काम नव्हतं. शेतं उन्हानं भाजून निघाली होती आणि पावसाला दोन महिने होते. ही गाडी उभी राहिली की आमच्या घरातली चूल उभी राहिली, एवढं सरळ गणित होतं.

मी गाडीवर असायचे. लोकांना नवल वाटायचं, पण त्यात नवल काय? दुसरा माणूस ठेवायचा तर तो पगार मागतो, बायको मागत नाही. माझं काम दगडाचं. आमच्या गाडीचा हँडब्रेक नावालाच होता. चढावर गाडी थांबली की मी उडी मारायची, मागच्या चाकाखाली दगड सारायचा, आणि गाडी निघाली की दगड उचलून पळत येऊन पुन्हा चढायचं. सात-आठ किलोचा, एका बाजूनं सपाट असा दगड होता तो. दिवसातून वीस वेळा. पहिल्या वर्षी माझ्या पोटऱ्या रात्रभर ठणकायच्या, मग त्यांनी नाद सोडला.

आणि मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी म्हणायला नको. भरलेली गाडी, मागे उतार, आणि मी तिच्या चाकाशी वाकलेली. प्रत्येक वेळी मी देवाचं नाव घ्यायचे. खालच्या वळणावर दहा-बारा बायका रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायच्या. त्यांच्याकडे पाहिलं की ते दोनदा घ्यायचे. आमची गाडी मागे सुटली तर ती त्यांच्यावरच जाणार होती.

मुकादम बोलला त्याच दुपारी यांना झकास भेटला. झकास म्हणजे गाड्यांचं सामान विकणारा. वाक्याला एकदा तरी झकास म्हणायचा म्हणून तेच नाव पडलं. त्यानं खोक्यातून एक चकचकीत नळी काढली. तिच्या टोकाला लाल जाळीचा शंकू होता.

"तुझ्या इंजिनाला दम लागतोय," तो यांना म्हणाला. "का? तर त्याला गरम, कोंदट हवा मिळते. जुना तो फिल्टरचा डबा काढून टाक. ही नळी थंड हवा ओढते. थंड हवा जड असते, जास्त जाते, डिझेल चांगलं जळतं. चढावर झकास ताकद येते. बड्या गाड्या सगळ्या हीच लावतात."

"बड्या गाड्या या मातीत चालतात का?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही दगडाचं बघा," तो म्हणाला, आणि हे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायची आपली रीत नाही. गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं, असं म्हणायला सोपं आहे.

घरी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्यांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडली आणि त्यात दोन्ही कान घालवले. इंजिनाचं दुखणं मात्र अजून त्यांना कळायचं. लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते ऐकायचे. माणसांचं बोलणं निम्मं ऐकायचे आणि निम्मं ओळखायचे.

"जुन्या डब्याचा पाइप कुठं उघडतो?" त्यांनी यांना विचारलं.

"केबिनच्या मागं. वर."

"वर का?"

हे पान्यांची पिशवी उघडायला लागले.

"वर धूळ कमी असते म्हणून. ही कुठं बसणार?"

"पुढच्या चाकाजवळ. तिथं जागा आहे. वारा थेट लागतो."

"वारा लागतो तशी चाकाची मातीही लागते," आबा म्हणाले. "डब्यातला कागदी फिल्टर किती दिवसांचा आहे? दोन वर्षं झाली असतील. नवा टाक. एवढाच दम लागलाय तिला. हे विकतचं दुखणं कशाला घेतोस?"

पण नळी लावायचं ठरलं होतं. मुकादमानं गळ्याशी आणल्यावर माणसाला काहीतरी नवं, चकचकीत हवं असतं. जुना फिल्टर बदलला म्हणून कुणाला धीर येतो? रविवारी यांनी स्वतःच डबा काढला, नळी बसवली, शंकू धरून ठेवणारी लोखंडी चकती आवळली. शंकू पुढच्या उजव्या चाकाच्या मागे बाहेरूनच दिसायचा. रस्त्यावर उभं राहून हात लावता येईल असा.

सोमवारी पहिल्या खेपेला चढ लागला आणि हे हरखून गेले. कारण आवाज. आधी इंजिन कण्हायचं, आता ते श्वास ओढत फुसफुसायचं, फुत्कारायचं. पायडल दाबलं की सूं करून शिट्टी वाजायची. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? कशी ओढतेय." सहा महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी पायथ्याच्या खांबापासून माथ्यावरच्या काट्यापर्यंत रोज वेळ बघायचे. भित्रा माणूस काहीतरी मोजत राहतो. अकरा मिनिटं लागायची. वर्षभर अकराच. त्या दिवशीही मी बघितलं. खांब गेला, पहिलं वळण, बायका, दुसरं, तिसरं, माथा. अकरा मिनिटं. एखादा सेकंद इकडे तिकडे असेल.

"किती लागलं?" यांनी विचारलं. दार उघडून उतरता उतरता, लहान मुलासारखं.

मी म्हणाले, "दहा."

झालं. एवढंच बोलले मी. वाईट हेतू नव्हता. त्या चेहऱ्याला अकरा म्हणवलं नाही माझ्याच्यानं.

त्या दिवशी सहा खेपा झाल्या. मला माहीत होतं त्या कशा झाल्या. दुपारचा डबा आम्ही गाडी चालू असतानाच खाल्ला, मी घास करून यांच्या हातात देत होते. खाणीत रांगेत असताना हे खाली उतरून विडीवाल्यांत बसले नाहीत. आणि रिकामं उतरताना यांनी गाडी न्यूट्रलवर सोडली. तिन्ही वळणांवर दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून मी डोळे मिटून बसले होते. सहावी खेप नळीनं दिली नाही, माझ्या जिवाच्या पाण्यानं दिली. पण श्रेय सगळं नळीचं.

संध्याकाळी आबांनी शंकू काढला, नळीत बोट घालून फिरवलं आणि ते बोट चिमटीत चोळलं. मग जिभेवर ठेवून पुढच्या दातांनी चावून पाहिलं. करकर आवाज मला सुद्धा आला.

"माती," ते म्हणाले. "जाळीतून आत चाललीय. ही टर्बोचं, त्या हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, पातं खाईल. खाल्लं की त्याचं तेल इंजिनात गळणार."

"आबा, पण मिनिट वाचतंय खेपेला," हे म्हणाले. "हिनं घड्याळ लावून बघितलंय."

आबा माझ्याकडे वळले. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, मोजमापावर ठेवला. आणि या घरात मोजमाप माझं, हे त्यांना ठाऊक होतं. दुधाच्या मापापासून गाडीच्या खेपांपर्यंत.

"खरंच वाचतंय का गं?"

मी मान हलवली. बोलायचं धाडस झालं नाही म्हणून नुसती मान हलवली.

"मिनिट वाचत असेल तर मी कोण बोलणारा," आबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी तो शंकू रॉकेलनं धुवायचे, झटकायचे, त्यावर तेलाचं बोट फिरवायचे आणि पुन्हा बसवायचे. त्यांचे म्हातारे हात त्या लाल जाळीवर फिरायला लागले की मी घागर उचलून पाण्याला निघायचे. एकदा वाटलं सांगून टाकावं. मग वाटलं, आता सांगितलं तर दोघांच्या नजरेतून उतरेन. उद्या सांगू. उद्याचं परवा झालं.

दुसऱ्या आठवड्यात धूर निळा झाला. तिसऱ्या आठवड्यात रोज सकाळी तेल मोजायची पट्टी काढली की तेल बोटभर खाली गेलेलं असायचं. हे वरून तेल ओतायचे आणि म्हणायचे, "जुनी आहे, पिणारच." शिट्टीचा आवाजही बदलला होता, मध्येच चिरका व्हायचा. मी रात्री पडल्या पडल्या तोच आवाज मनात ऐकायचे आणि छातीवर हात ठेवून स्वतःलाच म्हणायचे, काही होत नाही, काही होत नाही. आबांनी एका सकाळी पेचकस लावून ऐकलं, जागा बदलून पुन्हा ऐकलं. मग यांना म्हणाले, "रविवारी टर्बो उघडू." तो दिवस गुरुवार होता.

शुक्रवारी पाचव्या खेपेला तिसऱ्या वळणाच्या खाली पुढची गाडी थांबली. तिचं टायर बसलं होतं. हे थांबले, मी उडी मारली, चाकाखाली दगड सारला. ऊन असं की दगडाला हात लागताच चटका बसला. आमच्या मागे आणखी दोन भरलेल्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या खाली वळणावर त्या बायका. हातोड्यांचा आवाज वरपर्यंत येत होता.

अर्ध्या तासानं पुढची गाडी बाजूला झाली. यांनी खिडकीतून हात हलवला. गाडी जागेवर धरून त्यांनी रेस दिली, मी दगड ओढून काढला आणि छातीशी धरला.

इंजिन चढलं ते उतरेचना.

आधी मला वाटलं यांनीच पाय दाबून धरलाय. मग आवाज त्याच्याही वर गेला. मी आयुष्यात ऐकला नव्हता असा. कुणीतरी लोखंडाला ओरडायला लावावं तसा. नळकांड्यातून पांढरा धूर असा सुटला की मागची गाडी दिसेना. हे किल्ली फिरवताना दिसले. काही झालं नाही. मग इंजिन बंद करायची तार ओढताना दिसले. पुन्हा ओढली. दांडी हातात आली, इंजिन तसंच. डिझेल बंद झालं होतं हो, पण त्याला डिझेल नकोच होतं. ते स्वतःचं तेल पिऊन धावत होतं.

मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर उड्या मारून पळाले. "फुटणार, फुटणार" असं कुणीतरी म्हणत गेलं. आणि मी पण पळाले.

खरं सांगते. पंधरा-वीस पावलं पळाले मी, वरच्या बाजूला, खडकाच्या आडोशाला. तिथं पोचल्यावर मला कळलं की दगड माझ्या हातातच आहे. चाकाखालचा दगड घेऊन मी पळाले होते. गाडी उतारावर, चाकाखाली काही नाही, हँडब्रेक नावाचा, आणि माझा नवरा इंजिनापासून हातभर अंतरावर ब्रेकवर उभा. त्यानं पाय काढला असता तर तो सुटला असता, पण गाडी मागे जाऊन दोन गाड्यांना घेऊन त्या बायकांवर गेली असती. तो पाय काढणार नाही हे मला चांगलं माहीत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

परत कशी आले ते नीट आठवत नाही. मी काहीतरी बडबडत होते. धुरात शिरले, मागचं चाक हातानं चाचपलं, दगड सारला, लाथेनं ठोकला. मग पुढे धावले आणि दारावर थापा मारून ओरडले, "उतरा, उतरा." माझं मलाच ऐकू आलं नाही. हे आतून हातानं काहीतरी दाखवत होते. गळ्यावर हात ठेवायचे आणि चाकाकडे बोट करायचे. पुन्हा गळ्यावर हात, पुन्हा चाकाकडे बोट.

हवा. ते म्हणत होते, हवा बंद कर.

शंकू थरथरत होता. मी दोन्ही हातांनी धरून पिळला. रोजच्या काढघालीनं चकती सैल झाली होती, तरी एका झटक्यात निघाला नाही. तिसऱ्या झटक्याला शंकू माझ्या हातात आला आणि चकतीची कड तळव्यात घुसली. आत उघडं नळीचं तोंड, मुठीपेक्षा मोठं, आणि ते हवा असं ओढत होतं की माझा पदर त्याच्याकडे गेला. पदर मागे खेचला. पायरीवर जॅकखाली ठेवायची लाकडी फळी होती, ती काढली आणि नळीच्या तोंडावर मारली.

फळी हातातून ओढल्यासारखी जाऊन चिकटली. कडेनं शिट्टी वाजत राहिली, कारण फळी कुठं सरळ असते? मी पाठ लावली, खांदा लावला, सगळं अंग तिच्यावर टाकलं. माझ्या कानाशी ते इंजिन. एवढंच मनात होतं की आता फुटलं तर कळणारसुद्धा नाही. मी रडत होते. बायामाणसं संकटात शूर होतात म्हणतात, ते कोण म्हणतं देव जाणे. मी फळीला पाठ लावून भोकाड पसरून रडत होते.

आवाज खाली आला. धडधड झाली, गाडी दोन हिसके खाऊन हलली, दगडावर बसली, आणि इंजिन मेलं.

मग इतकं शांत झालं की खालच्या हातोड्या ऐकू आल्या. त्या बायकांना काही कळलंच नव्हतं. त्या फोडतच होत्या.

हे उतरले आणि पायरीवरच बसले. उजवा पाय थाडथाड उडत होता, त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला तरी थांबेना. मुकादमाचा माणूस वरून आला, गाडीखाली सांडलेलं काळं तेल बघितलं, आणि म्हणाला की संध्याकाळपर्यंत ही ओढून बाजूला घ्या, सोमवारपासून तुमच्या जागी दुसरी लावतो. कुणी मेलं का, लागलं का, काही विचारलं नाही. हे फक्त "बरं" म्हणाले.

मग यांचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. तळव्यातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, त्यातली धूळ झटकली, बाटलीतलं पाणी माझ्या तळव्यावर ओतलं आणि रुमाल गुंडाळायला लागले.

"आरशात दिसलीस मला," ते म्हणाले. "पळताना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, एक तरी घरी जाईल. आबांना बघायला कुणीतरी हवं."

त्यांनी मला बोल लावला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण हे असं कुणी बोलल्यावर काय करायचं? माझ्या पोटात तीन आठवडे जे दाबून ठेवलं होतं ते वर आलं.

"दहा नव्हती," मी म्हणाले.

"काय?"

"मिनिटं. दहा कधीच नव्हती. अकराच होती. पहिल्या दिवसापासून. मी खोटं सांगितलं. तुम्ही हसत होतात म्हणून."

त्यांचे हात थांबले. रुमालाची दोन टोकं त्यांच्या दोन हातांत होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, बोटांकडे बघत राहिले. तेलानं काळी, नखं तुटलेली. मघाशी इंजिनाशी जेवढी भ्यायले नव्हते तेवढी आता त्या थांबलेल्या बोटांना भ्यायले.

"रोज?"

"रोज."

मागच्या गाडीचा ड्रायव्हर परत येऊन आपल्या गाडीत चढला होता, आम्ही बाजूला व्हावं म्हणून त्यानं भोंगा वाजवला. यांनी वर बघितलं नाही. मग त्यांनी गाठ मारली. हाताला दुखू नये अशी बेतानं, आणि सुटू नये अशी घट्ट.

"आबा विचारतील," ते म्हणाले. "त्यांनी तुझ्या घड्याळावर भरवसा ठेवून रोज ती जाळी धुतली. म्हाताऱ्याला हे सोसणार नाही. तू काही बोलू नकोस. वेळ मी मोजायचो, तुला हो म्हणायला मीच लावलं म्हणून सांगेन. माझंच चुकलं म्हणून सांगेन."

"अहो, पण..."

"बोलू नकोस म्हटलं ना."

ते उठले, पाय ओढत मागे गेले आणि दगड चाकाखाली नीट बसलाय का ते वाकून बघू लागले. मी तिथंच पायरीशी उभी राहिले. त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.